टोरांटोला निघण्याआधी आईच्या सह्या

तुम्ही विचारलंय : पुढच्या वर्षी टोरांटोला जातोय, आई इंदूरला रामबागेत एकटी राहील, अलीकडे विसरायला लागली आहे, तिच्या वतीनं बँकेचे आणि दवाखान्याचे निर्णय घेता यावेत म्हणून कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं की पुरेल का? मीही इंदूरचीच, आता टोरांटोत. बाबांचं सगळं इथूनच निभावलं, म्हणून सविस्तर लिहिते.

नुसत्या त्या कागदावर भागणार नाही. इथे ओंटारियोत माणसाची समज गेल्यावरही चालू राहील असं मुखत्यारपत्र करता येतं. इथले सहकारी तुम्हाला सांगतील ते त्याबद्दल. आपल्याकडे 1872 च्या करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे अधिकार देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की दिलेला अधिकार संपतो. आईचे गुडघे धरले, बँकेत जाववेना, तोवर तो कागद कामाचा. तिला काहीच उमगेनासं झालं, की ज्या दिवसासाठी केला त्याच दिवशी तो बाद. मसुद्यात कुणी ‘कायम लागू राहील’ असं घातलं तरी त्यावर विसंबू नका.

तरीही करा आणि लवकर करा. विसरायला लागली म्हणजे सहीचा हक्क गेला असं होत नाही. आपण काय लिहून देतोय आणि त्यानं काय होईल, हे सही करताना तिला कळलं पाहिजे. न्यूरोलॉजिस्टकडून तसं त्याच सुमारास लेखी घेऊन ठेवा. अधिकार एकट्या तुमच्या नावावर नको. टोरांटोहून बँकेच्या खिडकीशी कोण उभं राहणार? इंदुरातच राहणारं, आईचा जीव ज्याच्यावर आहे असं माणूस निवडा, आणि ते तिला निवडू द्या. बँक, पेन्शन, निगमचा संपत्ती कर, आयकर ही कामं नावानिशी लिहा, घर विकायचा अधिकार मात्र देऊ नका.

नोटरीवर न थांबता पंजीयन कार्यालयात नोंदवा. आमच्या वेळी उप पंजीयकांनी कागद बाजूला ठेवून बाबांनाच विचारलं, “बाबूजी, ये किसलिए कर रहे हैं?” बाबा ठणठणीत आवाजात म्हणाले, “बैंक का काम अब भानजा देखेगा, मकान मेरा ही रहेगा.” मग अंगठा, फोटो. आईला तिथवर नेणं धोक्याचं असेल, तर अधिकारी घरी येण्याची सोय नोंदणी कायद्यातच आहे.

बँकेत आईच्या बचत खात्याला ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कुणीही, किंवा मागे राहील तो, खातं चालवेल) पद्धतीनं तुमचं नाव लावता येतं, तुम्ही अनिवासी झालात तरी. खातं मात्र तिचंच आणि तिच्याच खर्चासाठी. सही थरथरली तर अंगठा चालतो. तेव्हा दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी.

दवाखान्याचं वेगळं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली आई साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकते. स्मृतिभ्रंश वाढला, तर त्या उपचारांत त्याचं म्हणणं धरलं जातं. त्या माणसाची लेखी संमती हवी. शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर हवा की नको, यासाठी लिव्हिंग विल. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये त्याला मान्यता दिली आणि 2023 मध्ये रीत सोपी केली : दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. त्यात एकाहून जास्त नातलगांची नावं घाला. बाबांशी हा विषय काढताना माझ्या पोटात गोळा आला होता. पण त्यांनीच शांतपणे सांगितलं, नळ्या नकोत, घरी न्या. पुढे आम्हा भावंडांत एका शब्दाचाही वाद झाला नाही.

यातलं काही न करता आईची समज गेली, तर तिच्या मालमत्तेसाठी पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं. कोमासारख्या स्थितीत बहुधा उच्च न्यायालयात, संविधानाच्या कलम 226 खाली. आपल्याला इंदूर खंडपीठ आहे, जबलपूर गाठायला नको, एवढाच दिलासा. वैद्यकीय अहवाल, सगळ्या वारसांचं म्हणणं, तारखा. तोवर पैसे अडकतात आणि आयाबाईचा पगार मात्र दर महिन्याला द्यावाच लागतो.

मूळ कागद आईच्या कपाटात नकोत. ज्याला अधिकार दिलाय त्याच्याकडे ठेवा, आणि प्रमाणित प्रती विमानात सोबत घ्या.