कात्रणात नाव नाही म्हणून बाया नव्हत्या?

प्रश्न : मी नांदेड जिल्ह्यातली, एमए इतिहास करतेय. डिझर्टेशनला नामांतर आंदोलनातल्या आमच्या वस्तीतल्या बाया हा विषय घ्यायचाय, माझी आज्जी स्वतः मोर्च्याला गेली होती, "लेकरू काखंत होतं तवा" असं सांगते. पण गाइड म्हणतात साधनंच नाहीत, पेपरच्या कात्रणात एकाही बाईचं नाव नाही, दुसरा विषय घ्या. काय करू?

उत्तर : ताई, विषय अजिबात सोडू नका. कात्रणात नाव नाही कारण वार्ताहराने स्टेजवरचं भाषण लिहून घेतलं आणि समोर बसलेल्या बायांना 'महिलांची लक्षणीय उपस्थिती' म्हणून एका ओळीत गुंडाळलं. जुलै १९७८ ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, मधल्या पंधरा-साडेपंधरा वर्षांत घरं जळाली, माणसं गावं सोडून गेली, कितीजण जेलात गेले, तेव्हा मागे चूल कशी पेटत होती, कोर्टाच्या तारखेला एसटीचे पैसे कुठून यायचे, हे कुठल्या सरकारी फायलीत मिळणारे? ते तुमच्या आज्जीलाच माहितीय.

गाइडना ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' दाखवा. १९८९ चं पुस्तक, आंबेडकरी चळवळीतल्या बाया शोधून, त्यांच्याशी बोलून लिहिलेलं, २००८ ला इंग्रजीतही आलं. आणि शर्मिला रेगेंनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर २००६ मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला, या आठवणी म्हणजे नुसती रडगाणी नाहीत, ती साक्ष आहे असं ठणकावून सांगितलं. तसं तर नुसतं छापून आलं म्हणजे टिकलं असंही नाही हो, ताराबाई शिंदेंची 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ ची, फुल्यांनी तिची बाजू घेतली तरी ती विस्मरणात गेलीच, १९७५ ला स. गं. मालशेंनी परत छापली तेव्हा लोकांना कळलं.

आता कामाचं. "आंदोलनाबद्दल सांगा" असं विचारलं की बाया म्हणतात आम्हाला काय कळतंय, आमच्या मालकांना विचारा. म्हणून बारीक विचारा, भाकरी कुणी बांधून दिल्या, लेकरू कुणाकडे ठेवलं, पोलीस आले तेव्हा घरात कोण होतं. दोघी-तिघींना वेगवेगळं बसवून विचारा आणि तारखा त्याच कात्रणांशी ताडून बघा, आठवणीत सालं मागेपुढे होतात, त्यात घाबरायचं काही नाही, फक्त तसं लिहा. बोलणं जसंच्या तसं ठेवा, पुणेरी करू नका. आणि तळटीपेत बाईचं पूर्ण नाव, गाव, मुलाखतीची तारीख, अगदी पुस्तकाच्या लेखकाचं देतो तसं. नाव द्यायचं का हे तिला आधी विचारा, ती नको म्हणाली तर नाही, पण 'एक वयस्क महिला' असं आपल्या मनाने करायचं नाही. रेकॉर्डिंगची एक कॉपी तिच्या घरी द्या.

प्रश्न : आमच्या मराठी विभागात 'वंचितांचं साहित्य' यावर सेमिनार घेतोय. नुसता उपचार होऊ नये म्हणून काय करावं? (एक प्राध्यापक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : सर, हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, त्या आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या साइटवर ऐकायला मिळतात, तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव, गाव, काम सगळं दिलेलं असतं, आपल्याकडे मात्र अजून 'लोकसाहित्य' म्हटलं की गाणारी गायब. तुमच्या तालुक्यातल्या ओव्या म्हणणाऱ्या बायांना बोलवा, पण शेवटच्या दिवशी सांस्कृतिक कार्यक्रमात नको, सकाळच्या सत्रात वक्त्या म्हणून, पत्रिकेवर नावानिशी. मानधन बाहेरून येणाऱ्या प्राध्यापकाइतकंच, आणि प्रवासखर्च आधीच पोचवा, बिलं लावून महिन्याने मिळेल असं सांगितलं तर रोजंदारी बुडवून कोण येणार?