घड्याळाखालची खाज

प्रश्न : सातपूरला कारखान्यात कामाला आहे. स्मार्टवॉच दिवसरात्र हातात असतं. मनगटावर लाल चट्टा उठलाय, खाजतो. काय करावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : चट्टा नेमका कुठे आहे, ते आधी पाहा. सेन्सरखाली असेल तर बहुधा अडकलेला घाम आणि हात धुताना राहिलेला साबण. सिलिकॉनच्या पट्ट्यातून हवा खेळत नाही, कातडी ओलीच राहते. पट्टा रोज बिनवासाच्या सौम्य साबणाने धुवा, पूर्ण वाळवा आणि करंगळी आत सरकेल इतका सैल बांधा. व्यायामापुरता घट्ट चालेल. फक्त बकलाखालीच चट्टा असेल तर बकलाच्या धातूतल्या निकेलच्या ॲलर्जीची शंका घ्यावी. वेल्क्रोचा नायलॉन पट्टा लावून पाहा. चट्टा जाईपर्यंत मात्र घड्याळ काढूनच ठेवा, झोपेची नोंद चुकली तर चुकू द्या! फोड आले, पाणी सुटलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.