पिकअपचं गिअर ऑइल पहिल्यांदाच घरी बदलतोयस आणि फिल्टर सापडत नाहीये?

अरे, फिल्टर शोधत बसू नकोस. मॅन्युअल गिअरच्या पिकअपमध्ये तो बहुतेक नसतोच. ड्रेन प्लगला, म्हणजे ऑइल काढायच्या खालच्या बुचाला, लोहचुंबक असेल तर लोखंडाचा चुरा तेच धरतं. त्यावर राखाडी लगदा दिसला तर घाबरू नको, गिअरच्या दातांचे तुकडे निघाले तर मात्र मेकॅनिक गाठ.

सगळ्यात आधी वरचा, भरायचा प्लग सुटतो का बघ. मासळीचं खारं पाणी लागून आपल्याकडे तो गंजून बसतो. खालून ऑइल काढून मोकळा झालास आणि वरचा हलेना, की गाडी अंगणातच. मी हे केलंय, तेही ऐन आंब्याच्या हंगामात!

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- गाडीखाली जांभ्याचा चिरा लावणं. तो फुटतो. जॅक स्टँडच हवेत.
- दुकानदार देईल ते ऑइल घालणं. गाडीच्या पुस्तिकेत जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) असेल तर जीएल-५ नको, गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंग खराब होऊ शकतात.
- जुनाच वॉशर परत बसवणं.

ऑइल काढण्याआधी गाडी थोडी फिरवून आण, कोमट ऑइल पटकन उतरतं. भरताना वरच्या भोकाच्या काठाशी आलं की थांब. जुनं दुधाळ निघालं तर आत पाणी शिरलंय, तसं इथे कळव. आणि ते परसात ओतू नकोस, विहीर तिथेच असते.