सहा सिलिंडरला दोन कार्ब लावू का?

प्रश्न: नमस्कार सर, आमच्याकडे आजोबांची १९५१ची शेवरोले आहे, २१६ क्युबिक इंचाचं सहा सिलिंडर इंजिन, बाबा म्हणतात खालून कधी खोललेलंच नाही. रविवारी त्र्यंबक नाहीतर गंगापूर डॅमपर्यंत नेतो. सपाटीला मस्त पळते पण चढाला दम टाकते, स्लोला थरथरते आणि पेट्रोलचं तर विचारूच नका. प्लग काढले तर मधले दोन काळेकुट्ट, कडेचे दोन पांढरट. मिस्त्री म्हणतो दोन बॅरलचा, म्हणजे हवेच्या दोन वाटांचा मोठा कार्ब (कार्ब्युरेटर) टाकून देतो, मॅनिफोल्डचं (कार्बमधून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळकांड्याचं) तोंड कापून मोठं करू. मित्र म्हणतो एक नको, दोन लाव, शेवरोलेच्याच कॉर्व्हेट स्पोर्ट्स कारला तर तीन होते. काय करू? – एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर: आधी मिस्त्रीला सांगा कटर खाली ठेव. तुमचं अर्धं उत्तर तर प्लगनेच दिलंय. या इंजिनाला इनटेकची तोंडं तीनच, म्हणजे दोन-दोन सिलिंडर एका तोंडातून ओढतात, आणि कार्ब बसलाय बरोबर मधल्या जोडीच्या डोक्यावर. त्यामुळे तीन-चार नंबरला माल जवळून मिळतो, एक आणि सहाला लांबून, आणि वाटेत पेट्रोल मॅनिफोल्डच्या भिंतीला चिकटत जातं. थोडा फरक त्या डिझाइनमध्येच आहे. पण काळाकुट्ट आणि पांढरा इतका फरक दिसतो म्हणजे बहुतेक कडेच्या पॅकिंगमधून एअर खेचतेय, आणि ती झाकायला कोणीतरी स्क्रू फिरवून मिक्सर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) जाड, म्हणजे पेट्रोल जास्त करून ठेवलाय, म्हणून मधले काळे.

बघायचं कसं, तर गाडी नुकतीच चालू केलेली असताना, एक्झॉस्ट तापायच्या आत, मॅनिफोल्डच्या दोन्ही टोकांना कार्ब क्लीनरचा जरासा फवारा मारा. (तापलेल्या एक्झॉस्टवर मारू नका, पेट घेईल.) स्लो बदलला की एअर तिथूनच. जवळ व्हॅक्युम गेज असेल तर अजून बरं, समुद्रसपाटीला चांगलं इंजिन स्लोला १७ ते २१ इंच दाखवतं, नाशिक साधारण १९०० फुटांवर म्हणून दोनेक इंच कमी धरा, तेव्हा इथे १६-१७ वर काटा स्थिर असला तर इंजिनाला नावं ठेवू नका. काटा सारखा नाचत असेल तर आधी टॅपेट, पॉइंट, प्लग, मग कार्ब. थ्रॉटलची शाफ्ट पण हलवून बघा. सत्तर वर्षांत भोक लांबट होतं आणि तिथूनही एअर जाते, अंबडला कुठल्याही चांगल्या लेथवर बुश मारून मिळेल. मॅनिफोल्ड काढलाच तर त्याची तोंडं एका लाईनीत फेसिंग करून घ्या आणि बसवताना पोर्टमधल्या रिंगा विसरू नका, गॅरेजात त्याच पहिल्या हरवतात.

आता मोठ्या कार्बचं. इंजिनाला हवा लागते किती? २१६ क्युबिक इंच, ३४०० आरपीएम (कंपनी ९२ हॉर्सपॉवर तिथेच सांगायची), सिलिंडर ७५ टक्के भरतो धरलं तर साधारण १६० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा). दोन बॅरलच्या कार्बवर ३०० लिहिलेलं बघून हुरळून जाऊ नका, तो आकडा ३ इंच व्हॅक्युमला मोजलेला असतो, चार बॅरलवाले १.५ ला मोजतात, त्या हिशेबाने तो २१० च्या आसपास येतो. तरी तुमच्या गरजेपेक्षा जास्तच. एवढ्या मोठ्या तोंडातून हवा मंद जाते, पेट्रोल नीट फुटत नाही, आणि तुम्हाला चढाला, कमी स्पीडला जो पिकअप हवाय तोच जातो. मोठ्या कार्बचा फायदा वरच्या आरपीएमला, आणि तिथे हे इंजिन न्यायचंच नाही, कारण २१६ला कनेक्टिंग रॉडला पंपाचं प्रेशरचं ऑइल नाही, खाली डबक्यात चमचे बुडवून तेल उडवतात आणि बेअरिंग बॅबिटची, म्हणजे मऊ धातूची. ताणलं की बेअरिंग गेलंच समजा. शेवरोलेचं २३५चं नंतरचं, १९५३-५४ पासूनचं फुल प्रेशरवालं इंजिन असतं तर मी वेगळं बोललो असतो. कॉर्व्हेटचे तीन कार्बही त्या २३५वर होते, सोबत वेगळा कॅम आणि जास्त कॉम्प्रेशन, तेव्हा कुठे १५० हॉर्सपॉवर. नुसते कार्ब उचलून तुमच्यावर ठेवले तर फक्त शोभा.

हौस असेलच तर दोन छोटे सिंगल बॅरल, त्यासाठी बनवलेल्या वेगळ्या मॅनिफोल्डवर. त्याने एक आणि सहाला माल बरा पोचतो, हा खरा फायदा. पण दोन्ही एकसारखे उघडतील अशी लिंकेज लागते आणि सिंक्रो करत (दोघांची हवा सारखी जुळवत) बसावं लागतं, एकाला जरी फ्लोट लेव्हल (कार्बच्या वाटीतली पेट्रोलची पातळी) वेगळी राहिली तर पुन्हा तेच रडगाणं. वायपर व्हॅक्युमचे असतील तर त्यांची नळी दोन्हीकडून घ्या, इगतपुरीच्या पावसात कळेल का सांगितलं ते. आणि जुना मॅनिफोल्ड, जुना कार्ब जपून ठेवा, कारण ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवायचं तर २०२१च्या नियमात चासी, बॉडी, इंजिनात बदल चालत नाही. म्हणून कापाकापी नाहीच.

जेट, म्हणजे कार्बमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक, मात्र बघा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, त्यामुळे जुन्या जेटवर मिक्सर आठेक टक्के पातळ होतो, नाशिकच्या उंचीने तीनेक टक्के जाड होऊन थोडं भरून निघतं. एअर बंद केल्यावरही सगळेच प्लग पांढरट दिसले तर एक साइज मोठा जेट. रबराच्या नळ्या, पंपाचा डायफ्रॅम इथेनॉलला टिकणारे घाला.

प्रश्न: आमच्या सासऱ्यांची डॉज किंग्सवे कसारा घाट चढताना वर येता येता बंद पडते, वीस मिनिटं थांबलं की चालू. कार्ब बदलायचा का? – नाशिक रोड

उत्तर: नका बदलू ताई. ही व्हेपर लॉकची लक्षणं आहेत, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होते आणि पंप पुढे ढकलू शकत नाही. तुमच्या इंजिनाला इनटेक-एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला, आणि पेट्रोल पंप त्यांच्याच खाली, त्याच्यावर मुळात उष्णता अडवायचा पत्रा असतो, तो बहुतेक गाड्यांत कधीच भंगारात गेलाय. आधी तो करून घ्या. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब घ्या, कार्बखाली जाड इन्सुलेटर पॅकिंग टाका, आणि मॅनिफोल्डमधली उष्णतेची झडप हाताने हलते का बघा, बंद अवस्थेत जाम असेल तर गरम धूर सतत कार्बखालीच फिरतो. तोपर्यंत घाटात पंपावर ओलं फडकं, सासऱ्यांना ही युक्ती माहीत असणारच.