गाडीविना पुण्यात घर

प्रश्न : नागपूरहून पुण्याला बदली झाली आहे. ऑफिस कल्याणीनगरला, गाडी नाही. घर कुठे बघावं?

उत्तर : वनाझ–रामवाडी मेट्रोच्या पट्ट्यातच बघा, नळ स्टॉप किंवा आयडियल कॉलनीहून गाडी न बदलता थेट कल्याणीनगर. स्वारगेटकडे घर घेतलंत तर जिल्हा न्यायालय स्थानकावर मार्ग बदलावा लागेल. घरापासून स्थानकापर्यंतची एजंटची ‘पाच मिनिटं’ बहुधा स्कूटरवरची असतात! अंतर स्वतः चालून मोजा, तेही संध्याकाळी सातला. आठशे मीटर म्हणजे साधारण दहा मिनिटं. पण फुटपाथवर दुचाक्या लावलेल्या असल्या की रस्त्यावर उतरावं लागतं. स्थानकाचा जिना-लिफ्ट रस्त्याच्या तुमच्याच बाजूला आहे का, तेही पाहा. ऑफिसकडचं चालणंही त्यात धरा. वाटेत भाजी, औषधं मिळाली तर भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल.