टर्बो हॉट हॅच: पॉवरच्या आधी टॉर्कचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २.० लिटर टर्बो पेट्रोल हॉट हॅच (जोमदार इंजिनची छोटी हॅचबॅक), मॅन्युअल गिअरबॉक्स, कंपनीकडून आलेली पॉवर २२० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) आणि टॉर्क ३५० न्यूटन-मीटर, ६०,००० किमी चाललेली. पैसे मोजके आहेत आणि २८० पीएसच्या आसपास जायचंय. आधी इनटेक (इंजिनात हवा नेणारा भाग) आणि डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पहिला पाइप) घ्यावं, की थेट ‘स्टेज २’ करून मोकळं व्हावं?

दोन्ही नको. ‘स्टेज’ हे ट्यूनरांनी आपापल्या पॅकेजला दिलेलं नाव आहे, त्याला कुठलंही ठरलेलं माप नाही. एकाच्या स्टेज २ मध्ये फक्त डाउनपाइप असतो, दुसऱ्याच्या इंटरकूलरही (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा रेडिएटर). त्याऐवजी एकच आकडा ठरवा: तुमच्या क्लचला आणि गिअरबॉक्सला किती टॉर्क झेपतो. बाकीची खरेदी त्या आकड्याच्या मागून येते.

गणित करून बघा. न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम, भागिले ९५४९, की किलोवॅट मिळतात. २५०० आरपीएमला ४०० न्यूटन-मीटर म्हणजे साधारण १०५ किलोवॅट, फक्त १४२ पीएस. ५५०० आरपीएमला ३५० न्यूटन-मीटर म्हणजे २०२ किलोवॅट, २७४ पीएस. क्लच घसरवणारा आणि कनेक्टिंग रॉडवर आदळणारा भार पहिल्या आकड्यात आहे, गाडीचा वेग दुसऱ्यात. रिमॅपनंतर (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलल्यावर) पाठ सीटला चिकटवणारा जो धक्का सगळ्यांना आवडतो, तो खालच्या आरपीएमचा टॉर्क असतो. त्याच वेळी पुढची चाकं जागच्या जागी फिरतात आणि स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. म्हणून ट्यूनरला स्पष्ट सांगा: ३००० आरपीएमच्या खाली टॉर्क हळू चढव, कमाल आकडा क्लचला झेपेल तेवढाच ठेव, आणि वरच्या आरपीएमला तो लवकर पडू देऊ नकोस. मूळचा छोटा टर्बो ६००० च्या पुढे दमतोच, तिथे त्याला पिळून काही हाती लागत नाही. ‘जास्तीत जास्त काढून देतो’ म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

खालच्या आरपीएमचा आणखी एक धोका आहे. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो इंजिनात कमी आरपीएम आणि जास्त भार एकत्र आले, की ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू शकतं आणि एका झटक्यात पिस्टन फुटू शकतो. वरच्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायची सवय रिमॅपआधीच मोडा. ऑइल गाडीच्या कंपनीच्या मानकाचं तर हवंच, शिवाय डब्यावर एपीआय एसपी असेल तर उत्तम. २०२० मध्ये आलेल्या या मानकात या बिघाडाचीही चाचणी आहे.

आता पैसे. एकूण रकमेचे शंभर भाग धरा. मी असे वाटेन: तपासणी आणि राहिलेली सर्व्हिस १५, टायर आणि ब्रेक ३०, रिमॅप २०, इंटरकूलर १५, राखीव २०. टायर चांगले असतील तर तिथले उरलेले भाग राखीवमध्ये टाका, एक्झॉस्टमध्ये नको.

तपासणीचे १५ भाग लोकांना जिवावर येतात, कारण त्यातून दिसण्यासारखं काहीच मिळत नाही. पण इथे पाणी मुरत असेल तर पुढचं सगळं वाया. कंप्रेशन टेस्टमध्ये (प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजताना) सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. इनटेकच्या पाइपांची स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) करा. मूळ बूस्टला (टर्बोने हवेला दिलेल्या दाबाला) जेमतेम टिकणारा होज किंवा सैल क्लिप वाढीव बूस्टला हमखास सुटते. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, त्यामुळे कार्बन साचतो. ६०,००० किमीला एकदा आत कॅमेरा घालून बघून घ्या. स्पार्क प्लग नवे, एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे), गॅप ०.६ ते ०.७ मिमी. गॅप जास्त राहिला तर वाढलेल्या दाबात ठिणगी विझते आणि गाडी वरच्या आरपीएमला अडखळते. मग लोक कॉइल बदलत बसतात: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

टायर आधी का, हे वरच्या गणितातच आलं. रस्त्यावर उतरत नाही ती पॉवर फुकट. टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचा, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. खाचा शाबूत असल्या तरी जुनं, कडक झालेलं रबर पकडत नाही. ब्रेकमध्ये मोठे कॅलिपर लागत नाहीत. जास्त तापमान सोसणारे पॅड, ते नीट बेड करणं (डिस्कवर घासून बसवणं) आणि ताजं ब्रेक ऑइल एवढं पुरतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर किमान १५५ अंश. पेडल स्पंजसारखं होतं ते याच फरकातून. फक्त ‘डॉट ५’ त्यात ओतू नका. ते सिलिकॉनचं असतं, डॉट ४ मध्ये मिसळत नाही.

इंटरकूलर मी डाउनपाइपच्या वर का ठेवला? २५ अंशांची हवा दुप्पट दाबाला आणली आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती साधारण ११८ अंशांवर बाहेर येते. मूळ इंटरकूलर पहिल्या एक-दोन दौडीत ती गार करतो, मग स्वतःच तापतो. हवा तापली की नॉक (मिश्रण अवेळी आपोआप पेटणं) वाढतो, नॉक वाढला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, आणि डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) दिसलेले ३० पीएस तिसऱ्या दौडीत गायब. डाउनपाइपने बॅकप्रेशर घटतं हे खरं, पण कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढली तर अनेक देशांत ते बेकायदा आहे आणि धुराच्या चाचणीत गाडी नापास होते. २८० पीएससाठी कॅटला हात लावायची गरजही नाही.

रिमॅप शक्यतो तुमच्याच गाडीचे लॉग (चालत्या इंजिनच्या सेन्सरांच्या नोंदी) बघून बनवलेला घ्या. तयार फाइल घेतलीत तरी नंतर लॉग काढाच. डायनोवर किंवा बंद ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये २००० ते ६५०० आरपीएम, रस्त्यावर नाही. मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट, इनटेक हवेचं तापमान, प्रत्येक सिलिंडरचं मागे घेतलेलं टायमिंग, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) आणि फ्यूएल रेलचा (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या पाइपचा) दाब, एवढं पुरे. बूस्ट कमी पडतोय तर गळती शोधा. वरच्या आरपीएमला रेलचा दाब खाली येत असेल तर पंप पुरत नाही. तिथेच थांबा, कारण मिश्रण पातळ झालं (पेट्रोल कमी पडलं) की पिस्टन जातो. एखाद्या सिलिंडरने मध्येच दोन-तीन अंश मागे घेतले तर घाबरू नका. सगळे सिलिंडर प्रत्येक दौडीत चार-पाच अंश मागे येत असतील, तर पेट्रोल त्या मॅपच्या लायकीचं नाही. मॅप नेहमी मिळणाऱ्या पेट्रोलवर बनवा, कधीतरी मिळणाऱ्या जास्त ऑक्टेनवर नको.

इनटेक किटने आवाज वाढतो, या पॉवरला फायदा नगण्य. बोनेटखाली उघडा कोन फिल्टर बसवला तर उलट इंजिनची गरम हवा आत जाते. फुस्स करणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह मास एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत बसवू नका: सेन्सरने मोजलेली हवा बाहेर जाते, ईसीयू तिच्या हिशेबाने पेट्रोल सोडतो आणि गिअर बदलताना इंजिन गुदमरतं. वॉरंटी चालू असेल तर ती गेली असं धरूनच चाला, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

राखीव २० भाग बहुधा क्लच खातो. स्लिप ओळखायला बंद ट्रॅकवर चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये २५०० वरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम उसळला आणि वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच गेला. पुढे कधीतरी मोठा टर्बो बसवायचा विचार पक्का असेल, तर क्लच आताच त्या टॉर्कच्या हिशेबाने घ्या. नाहीतर प्लेट स्वस्त पडली तरी गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा द्यावी लागते. ड्युअल मास फ्लायव्हीलमध्ये (क्लचमागचं दोन भागांचं, धक्के शोषणारं चाक) खेळ आला असेल तर तोही त्याच वेळी बदला. सिंगल मास घेतला तर न्यूट्रलला खडखड ऐकू येईल. तो बिघाड नव्हे, पण रोज वापरायच्या गाडीत कानाला खटकतो.