'नैसर्गिक भाषा' म्हणजे प्राकृतच की!

कोल्हापुरात संगणकशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: माणसांची भाषा यंत्राला हाताळता यावी म्हणून जे संशोधन चालतं, त्याला 'नैसर्गिक भाषा प्रक्रिया' म्हणावं की 'नैसर्गिक भाषा संस्करण'? आणि त्यातल्या समजून घेण्याच्या भागाला 'आकलन' चालेल का?

'प्रक्रिया' घ्या. उसावर प्रक्रिया होते, दुधावर होते, तशी भाषेवर. फक्त 'भाषाप्रक्रिया' असं जोडून लिहा, मराठीत समास सुटा लिहायचा नसतो. 'संस्करण' म्हटलं की निम्म्या लोकांना पुस्तकाची आवृत्ती आठवते. हिंदीतलं 'संसाधन' तर आणूच नका, आपल्याकडे त्याचा अर्थ साधनसंपत्ती.

पण या नावातला खरा गंमतीचा शब्द 'नैसर्गिक' आहे, आणि त्याबद्दल कुणीच विचारत नाही. संगणकासाठी मुद्दाम रचलेल्या भाषा एकीकडे, बोलता बोलता आपोआप घडलेल्या दुसरीकडे. या दुसरीला आपल्याकडे हजार वर्षांपूर्वीच नाव होतं: प्राकृत! प्रकृतीपासून आलेली ती प्राकृत, संस्कार झालेली ती संस्कृत. दोन्ही शब्द 'कृ' धातूचे. 'प्रक्रिया'ही त्याच घरची. आणि 'व्याकरण'? वि + आ + कृ, म्हणजे उकलून वेगळं करणं. 'रंकाळ्यावरच्यांना' हा एक शब्द यंत्रापुढे आला, की त्यातून रंकाळा, वर, चा, ना हे सुटं करावं लागतं. यंत्राचं हे काम अक्षरशः व्याकरण आहे.

इथे हेमचंद्र आडवे येतात. बाराव्या शतकातल्या या आचार्यांनी प्रकृती म्हणजे संस्कृत, आणि तिच्यापासून आलेली ती प्राकृत, अशी फोड दिली. त्यांचं प्राकृत व्याकरण थोर आहे, ही फोड मला साफ अमान्य आहे. नियम शिकवायला सोपं जावं म्हणून संस्कृत पायाशी धरलं असेल तर ठीक, पण ती सोय आजही इतिहास म्हणून सांगितली जाते. त्यांच्या आधीच, अकराव्या शतकात, रुद्रटाच्या 'काव्यालंकार' या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथाचं विवरण लिहिताना नमिसाधूंनी स्वच्छ सांगितलं होतं: व्याकरणाचे संस्कार न झालेलं, सगळ्यांचं सहज बोलणं म्हणजे प्रकृती, आणि तेच प्राकृत. 'नैसर्गिक भाषा'ची याहून नेमकी व्याख्या मला कुठे सापडलेली नाही.

म्हणूनच 'संगणकाला संस्कृतच सर्वांत योग्य, नासाने सांगितलंय' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. प्रत्येक व्याख्यानानंतर कुणीतरी ते म्हणतंच. नासाने असं काही जाहीर केलेलं नाही. नासाच्या एम्स केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज यांनी १९८५ साली 'एआय मॅगझीन'मध्ये एक लेख लिहिला. वाक्याचा अर्थ उलगडून मांडण्याची संस्कृत शास्त्रकारांची रीत, आणि संगणकात अर्थाची जाळी मांडण्याची रीत, यांतलं साम्य त्यांनी दाखवलं. लेख वाचण्याजोगा आहे. पण तिथली संस्कृत म्हणजे शास्त्रकारांनी घासूनपुसून घेतलेली भाषा, प्रक्रिया आधीच झालेली! संशोधनाचा कस लागतो तो न घासलेल्या भाषेवर.

आपल्याच गावचं घ्या. गंगावेशीत एखादी बाई 'मी जातो' म्हणते. कोल्हापुरात हे शुद्ध, सहज मराठी आहे. वर्तमानपत्री मराठीवर पोसलेलं यंत्र मात्र बोलणारा पुरुष धरतं आणि हिंदीत 'मैं जाता हूँ' करून ठेवतं. 'काय करालाईस?' हे तर त्याच्या वाचनात क्वचितच आलेलं असतं. अनोळखी शब्दाचे ही यंत्रं छोटे छोटे तुकडे पाडतात, आणि त्या तुकड्यांत 'कर' धातू हाती लागेलच असं नाही. चूक त्या बाईची नाही. 'रांगडी भाषा' म्हणून आपणच जी लिहून ठेवली नाही, ती यंत्राला मिळणार कुठून? तुमच्या प्रबंधासाठी विषय हवा असेल तर हाच घ्या. आपल्या गल्लीतलं बोलणं टिपून काढण्यापासून सुरुवात करा.

राहिलं 'आकलन'. बिनघोर लिहा. आ + कल्, म्हणजे धरणं, कवेत घेणं. ज्ञानेश्वरीतलं 'आकळणे' तेच, आणि आपलं रोजचं 'कळणं'ही 'कल्'चंच.